इंग्रजी वाचता येतं, पण लिहिताना तेच वीस शब्द! शब्दसंग्रह खरोखर कसा वाढवलात?

परभणीची_वैशू
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चूकभूल माफ करा.

माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. आता वय ३८, पुण्यात एका कंपनीत खरेदी विभागात आहे. दिवसाला तीसेक मेल लिहिते. वाचायला काहीच अडचण नाही, करार वाचते, रिपोर्ट वाचते, पण लिहायला बसलं की गुड, इम्पॉर्टंट, इश्यू, प्रॉब्लेम, नॉट क्लिअर, बस्स, गाडी तिथल्या तिथेच फिरते. गेल्या महिन्यात मीटिंगमधे एका पुरवठादाराच्या उत्तराबद्दल मी तीनदा 'नॉट क्लिअर' म्हटलं आणि कोणालाच कळेना मला नक्की खुपतंय काय. मग शेजारची एक मुलगी म्हणाली, 'ही इज बीइंग इव्हेसिव्ह', म्हणजे तो सरळ उत्तर टाळतोय, आणि सगळ्यांना लगेच पटलं. मला तेच म्हणायचं होतं हो! तो शब्द मला माहीत होता, वाचला की अर्थही कळतो, पण तोंडात आला नाही.

२०१० साली बँकेच्या परीक्षांसाठी हजार शब्दांची यादी पाठ केली होती, अबेट ते झील. आज त्यातले निम्मे आठवत नाहीत, आणि उरलेले आयुष्यात एकदाही वापरले नाहीत. तर प्रश्न असा की वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द *वापरात* कसे आणलेत? 'रोज पेपर वाचा' सोडून सांगा प्लीज, सहा वर्षं रोज अग्रलेख वाचतेय.

चहा_दोनदा
रोज पेपर वाचा.
(पळतो. पण धागा भारी आहे, जागा धरून बसलोय.)

ओहायोतला_अवी
वैशूताई, यादीबद्दल अगदी मनातलं बोललात. मी १९९९ ला जीआरई (अमेरिकेत पुढे शिकायला जाण्यासाठीची परीक्षा) दिली, तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॅलॉजी असायच्या, म्हणजे शब्द सुटाच विचारायचे, आजूबाजूला वाक्यच नाही. त्यामुळे आम्ही दादर-ठाणे लोकलमधे उभ्याउभ्या कार्डं पलटायचो. ते दोन्ही प्रकार २०११ च्या ऑगस्टमधे परीक्षेतून काढून टाकले, आता सगळं वाक्यात आणि उताऱ्यात विचारतात. मला वाटतं परीक्षा घेणाऱ्यांनाही कळलं असावं की सुट्या शब्दाचा अर्थ येणं म्हणजे शब्द येणं नव्हे.

आता खरी गोष्ट. इथे येऊन पंचवीस वर्षं झाली, त्या कार्डांवरचे शब्द फारसे कधी लागले नाहीत. अडलो कशाला माहितीये का? बिजागरी. भाड्याच्या घराच्या कपाटाची बिजागरी तुटली आणि घरमालकाला फोनवर सांगता येईना. हातात एंजिनिअरिंगची मास्टर्स डिग्री आणि 'हिंज' शब्द माहीत नाही! मग मुलगी झाली, पाळणाघरातून चिठ्ठी आली त्यात 'स्कॅब' होतं, म्हणजे खपली. खपली, बिजागरी, कडी, कुसळ, उंबरठा, हे शब्द आपल्याला इंग्रजीत कोणी शिकवलेच नाहीत कारण ते कुठल्याच परीक्षेला नव्हते. त्यामुळे 'अ‍ॅडव्हान्स्ड' म्हणजे फक्त लांबलचक लॅटिन शब्द हे माझ्या डोक्यातून कायमचं गेलं.

पणजीकर_सुलभा
अवी, +१. मी पणजीला हॉटेलच्या हाउसकीपिंगमधे अकरा वर्षं काम केलं. पहिले सहा महिने पाहुणे काय मागतात तेच कळायचं नाही. लिनन, अपहोल्स्टरी, स्टेन, मिल्ड्यू. मिल्ड्यू म्हणजे पावसाळ्यात कपड्यांवर काळे ठिपके पडतात ती बुरशी, गोव्यात जुलै महिन्यात हा शब्द रोज लागतो. तो मला कुठल्या पुस्तकाने शिकवला नाही, वास येणाऱ्या टॉवेलने शिकवला. एकदा वस्तू हातात धरून शब्द ऐकला की तो जात नाही.

अनुवादिनी
स्वयंपाकघरात तर ही परीक्षा ताबडतोब घेता येते. डाव म्हणजे लेडल, चाळणी म्हणजे सिव्ह, रोळी म्हणजे कोलंडर, सांडशी म्हणजे टाँग्ज, खलबत्ता म्हणजे मॉर्टर अँड पेसल (त्यातला 'ट' उच्चारात नाही). आणि मंद आचेवर आमटी रटरटत ठेवली तर सिमर. यातले किती माहीत होते ते आपापल्या मनाशी बघा.

संस्कृतप्रेमी
मी वेगळा मार्ग सांगतो, मराठी माणसाला तो फार सोपा आहे. संस्कृत शब्द आपल्याला घरचेच आहेत. त्यांच्याशी इंग्रजी शब्द जोडायचे. दंत — डेंटल. पाद — पेडल. मृत — मॉर्टल. अग्नी — इग्नाइट. भ्राता — फ्रॅटर्नल. वाचा — व्होकल. विधवा — विडो. सर्प — सर्पंट. मध्य — मीडियन. तनू म्हणजे मूळ अर्थी बारीक, पातळ, तोच धागा टेन्युअसमधे आहे, टेन्युअस लिंक म्हणजे अगदी बारीक, तुटेल असा संबंध. मी असे दोनशेच्या वर शब्द वहीत जोडलेत. सगळं संस्कृतातूनच तर इंग्रजीत गेलंय!

किंचित
संस्कृतप्रेमी, जोड्या बरोबर आहेत, शेवटचं वाक्य चुकीचं आहे. संस्कृतातून इंग्रजीत 'गेले' नाहीत, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्या बहिणी आहेत, आई वेगळी. हेच विल्यम जोन्स या भाषाभ्यासकाने १७८६ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं होतं. हा फरक महत्त्वाचा अशासाठी की एकदा 'सगळं आपलंच' म्हटलं की माणूस 'नॅव्हिगेशन म्हणजे नवगती' असल्या फॉरवर्डवर विश्वास ठेवायला लागतो. खरा संबंध आहे तो 'नौ' शी, लॅटिन 'नाविस' ची ती सख्खी बहीण. खरं तेवढंच इतकं सुंदर आहे की खोटं जोडायची गरजच नाही.

आणि देवघेव दोन्ही बाजूंनी झालीय. आपला 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंत्रॉन' वरून आला, इंग्रजी सेंटरही त्यावरूनच. पत्रिकेतला 'होरा' ग्रीक, आणि अवरही तिथलाच.

संस्कृतप्रेमी
किंचित, दुरुस्ती मान्य. होरा ग्रीक आहे हे माहीत नव्हतं, आज काहीतरी नवीन मिळालं. वहीत लिहून घेतलं.

चहा_दोनदा
मग आपण इंग्रजांना काय दिलं?

पणजीकर_सुलभा
मुंगूस! मंगूस हा इंग्रजी शब्द मराठीतून गेलाय.

चहा_दोनदा
अनेकवचन मंगीस होत नाही हे आत्ता शोधून आलो, मंगूसेस होतं. आपलं मुंगूस, त्यांच्या बदकाच्या नियमाला कशाला बांधील असेल.

ओहायोतला_अवी
गूस म्हणजे हंस रे, बदक म्हणजे डक :)

चहा_दोनदा
हे बघा, शब्दसंग्रह वाढला.

सिस्टर_मिरज
मुळांचा विषय निघालाय म्हणून लिहिते, मी नर्सिंगला आहे. आमच्याकडे मुळांशिवाय चालतच नाही. आयटिस लागलं की दाह, हेपॅट म्हणजे यकृत, नेफ्र म्हणजे मूत्रपिंड. एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑटमी म्हणजे छेद देणं, ऑस्टमी म्हणजे बाहेर तोंड काढून ठेवणं. तीन शब्द, ऐकायला सारखे, पेशंटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. हायपो (कमी) आणि हायपर (जास्त) तर फोनवर दोनदा विचारून घेतो.

पण एक सांगू का, मुळं वैद्यकात चालतात कारण ते शब्द ठरवून बनवलेत. साध्या इंग्रजीत शब्द वाटेत बदलत जातात. नाइस हा शब्द लॅटिनमधे 'अडाणी, न जाणणारा' अशा अर्थाच्या शब्दावरून निघालाय! डिझास्टरमधे अ‍ॅस्टर म्हणजे तारा आहे, म्हणून त्याचा आजचा अर्थ ताऱ्यांवरून ओळखता येईल का? मूळ हे शब्द *लक्षात ठेवायला* चांगलं, अर्थ *ओळखायला* धोक्याचं. असं माझं मत.

मास्तर_उमरगा
सिस्टरशी पूर्ण सहमत. मी एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवतोय. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यामुळे हल्लीची पोरं इंग्रजीला बिचकत नाहीत, पण धाग्यातला प्रश्न तसाच आहे. माझा अनुभव असा की मुलांना पोस्टपोन येतं, 'पुट ऑफ' येत नाही. टॉलरेट येतं, 'पुट अप विथ' येत नाही. मोठ्या शब्दाला एक अर्थ असतो, तो घोकता येतो. पुट, गेट, टेक, कम, यांना मागे ऑफ-अप-इन-आउट लागलं की दरवेळी नवा अर्थ. आणि गोरा माणूस बोलताना हेच वापरतो. वैशूताई, अ‍ॅडव्हान्स्डची सुरुवात इथून करा असं मी म्हणेन.

स्पर्धापरीक्षा_२५
सर, आमच्याकडे वेळ नाही हो. मेन्सच्या इंग्रजीच्या पेपरला पास होण्यापुरते मार्क हवेत, तीनशेपैकी पंचवीस टक्के. मला सांगा यादी पाठ करणं इतकं वाईट आहे का? मी अँकी (कार्डं घोकायचं अॅप) वापरतो, रोज २० नवे शब्द, ७ महिने झाले, चार हजार कार्डं आहेत. ९० टक्के बरोबर येतात.

किंचित
यादी वाईट नाही, कार्डावर काय लिहिलंय त्यावर सगळं आहे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मधे दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं, मग गळती मंदावते. म्हणून पुन्हा भेटायचं ते वाढत्या अंतराने. अँकी हेच करतं. पण त्याने वापरलेले शब्द होते मुद्दाम निरर्थक अक्षरं! तुझ्या कार्डावर पुढे 'ऑब्स्टिनेट' आणि मागे 'हट्टी' एवढंच असेल तर तूही जवळजवळ निरर्थक अक्षरंच पाठ करतोयस. पुढे अख्खं वाक्य लिही, त्यातला शब्द गाळ, आणि तो भर. म्हणजे शब्द मागवायची सवय लागते, ओळखायची नाही. परीक्षेत ओळखणं चालून जाईल, वैशूताईंची अडचण नेमकी मागवण्याची आहे.

नाना_ठाणेकर
कॉम्प्युटर नको असेल त्यांच्यासाठी. सेबास्टियन लाइटनर म्हणून होता, त्याने १९७२ मधे पाच कप्प्यांची पद्धत सांगितली. मी मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून वापरली. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठेही असो, परत पहिल्यात. निवृत्तीनंतर दोन वर्षं हे केलं. रोजची पंधरा मिनिटं.

आणि तरुण मंडळींना एक कळकळीने सांगतो, अर्धा कळलेला शब्द वापरू नका. १९९४ साली आमच्या साहेबांच्या निरोप समारंभात मी भाषण केलं, लिहून नेलं होतं, त्यात त्यांना 'फुलसम प्रेझ' द्यायला उभा आहे असं म्हणालो. मला वाटलं फुल म्हणजे भरभरून. फुलसम म्हणजे किळस येईल इतकी खोटी, अतिरेकी स्तुती असाच अर्थ बहुतेक लोक घेतात. साहेबांचं इंग्रजी उत्तम होतं. ते काही बोलले नाहीत, हसून हात मिळवला. मी पुढे चार वर्षांनी डिक्शनरीत पाहिलं. तोवर ते गेले होते. माझ्या मनाला ते अजून लागून आहे.

परभणीची_वैशू
नाना, वाचून गलबललं. त्यांना तुमचा भाव कळला असेल हो.

सिस्टर_मिरज
नाना 🙏

अनुवादिनी
नानांच्या प्रतिसादावरून मुद्द्यावर येते. शब्दाचा अर्थ माहीत असणं ही पहिली पायरी, पण शब्द कोणाबरोबर राहतो ते कळणं ही खरी गोष्ट.

मराठीतलंच बघा. भुई, जमीन, भूमी. तिन्हीचा अर्थ एकच. भुई घरातली, जमीन फारसीतून आलेली, भूमी संस्कृत. पण पळता *भुई* थोडी होते, *जमीन* विकतो, आणि *भूमि*पूजन करतो. जमीनपूजन कोणी म्हणणार नाही, भुईचा सातबारा कोणी काढणार नाही. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, कानाने आलं.

इंग्रजीतही अगदी अशाच तीन थरांची चळत आहे. १०६६ मधे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्द आणले. म्हणून विचारण्याला आस्क घरचा, क्वेश्चन फ्रेंच, इंटरॉगेट लॅटिन. आई विचारते ते आस्क. पोलीस करतात ते इंटरॉगेट. राजाला किंगली, रॉयल, रीगल. यातला 'मोठा' शब्द चांगला आणि छोटा गावंढळ असं नाहीच, प्रत्येकाची पंगत वेगळी आहे.

आता जोड्या. मराठीत आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्द फिरवतो, शब्द टाकतो, कोणाचा शब्द खाली पडू देत नाही. परक्या माणसाला 'शब्द' चा अर्थ सांगून यातलं काय मिळणार? तसंच तिकडे कमिटमेंट ऑनर करतात, डेडलाइन मीट करतात, ऑब्जेक्शन रेझ करतात. वैशू, तुझ्या कामात हेच लागणार. सुटा शब्द लिहू नकोस, जोडी लिही. कमिटमेंटच्या पानावर ऑनर. बस. यासाठी इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही, शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश घे. लाँगमनचा १९७८ चा कोश आला तेव्हा त्यांनी व्याख्या सगळ्या दोनेक हजार सोप्या शब्दांतच लिहिल्या, म्हणजे एक शब्द शोधायला जाऊन चार नवे अडत नाहीत. आणि जोड्या उदाहरणांत दिलेल्या असतात.

मास्तर_उमरगा
भुई-जमीन-भूमी उद्या वर्गात वापरणार. परवानगी गृहीत धरतो.

अनुवादिनी
अहो सर, आनंदाने.

विदर्भवारा
मला एक वेगळंच म्हणायचंय, राग मानू नका. हा सगळा खटाटोप कशासाठी? साध्या शब्दांत लिहिलं की काम होत नाही काय? मी नागपूरला बांधकामाचे टेंडर वाचतो, जड इंग्रजीमुळे अर्धे वाद होतात. 'यूज' च्या जागी 'युटिलाइज' लिहून कोणाचं भलं झालं? आणि खरं सांगू का, मोठे शब्द लोक दुसऱ्याला गप्प करायला वापरतात. मी मराठी मीडियमचा, कॉलेजात हे पुष्कळ सोसलंय.

परभणीची_वैशू
विदर्भवारा, राग कशाला, तुमचं दुखणं माझंच आहे. पहिल्या नोकरीत माझ्या उच्चारांवर हसायचे, मी दोन वर्षं मीटिंगमधे तोंड उघडलं नव्हतं. पण मला कोणाला गप्प करायचं नाही. मला माझं म्हणणं नेमकं मांडायचंय. 'नॉट क्लिअर' हा साधा शब्द आहे, पण त्याने माझं काम झालं नाही ना! त्या पुरवठादाराचं उत्तर संदिग्ध नव्हतं, मोघमही नव्हतं, तो गुळमुळीत बोलत होता, मुद्दाम. मराठीत मला हे तिन्ही कसे वेगळे आहेत ते झोपेतही सांगता येईल. इंग्रजीत गेले की तिन्हीचं 'नॉट क्लिअर' होतं. म्हणजे मी इंग्रजीत माझ्यापेक्षा कमी हुशार होते. ते मला नकोय.

विदर्भवारा
हे पटलं. संदिग्ध-मोघम-गुळमुळीत, मस्त सांगितलं तुम्ही.

अनुवादिनी
वैशू!! अगं तुझं उत्तर तूच लिहिलंस. संदिग्ध म्हणजे दोन अर्थ निघतात ते, अँबिग्युअस. मोघम म्हणजे तपशील नाही ते, व्हेग. गुळमुळीत म्हणजे बांधून घ्यायचं नाही म्हणून बोलणं, नॉनकमिटल, आणि त्यात लबाडी असेल तर इव्हेसिव्ह. तू यादीच्या उलट्या दिशेने जा. इंग्रजी शब्द घेऊन त्याला मराठी अर्थ चिकटवू नकोस. मराठीत जी छटा तुला पक्की माहितीये ती घे, आणि तिच्यासाठी इंग्रजीत घर शोध. छटा आधीच तुझ्या मालकीची आहे, त्यामुळे शब्द लगेच रुजतो.

किंचित
हे फारच छान. याला जुनी सोयही आहे: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, दुसरी आवृत्ती १८५७ ची. शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतो. इंग्रजी जुनं आहे, त्यामुळे मिळालेला शब्द आजच्या कोशात तपासून मगच वापरा, पण मराठी छटा तिथे ज्या मायेने उलगडल्यात तशा क्वचित कुठे दिसतात.

आणि 'पेपर वाचून वाढत का नाही' याचं थोडं गणित. पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ मधे मांडलं की कोणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायला पानावरचे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, आणि त्यासाठी साधारण आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात (कुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह मिळून एक). तीनशे शब्दांचं पान धरलं तर सहा अनोळखी. एवढे चालतात, संदर्भाने कळतात. पंधरा झाले की माणूस दमतो आणि अंदाजाने पुढे जातो, शब्द काही पदरात पडत नाही. वैशूताईंचं वाचन उलट्या टोकाला आहे, सगळं कळतं म्हणून डोळे शब्दावर थांबतच नाहीत. तुम्ही अग्रलेख अर्थासाठी वाचता. आठवड्यातला एकच परिच्छेद शब्दांसाठी वाचा, पेन घेऊन.

स्पर्धापरीक्षा_२५
किंचित दादा, आठ हजार ऐकून छातीत धस्स झालं.

किंचित
घाबरू नकोस, बरेच तुझ्याकडे आहेत. अभ्यासाच्या लिखाणासाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची यादी आहे, फक्त ५७० कुटुंबं, आणि अभ्यासग्रंथांतले दहा टक्क्यांच्या आसपास शब्द त्यातलेच असतात. तिथून सुरू कर. आणि ती चार हजार कार्डं निम्मी कमी कर, उरलेल्यांवर वाक्यं लिही.

ओहायोतला_अवी
एक राहिलंच, उच्चार. आपण शब्द वाचून शिकतो, त्यामुळे फसतो. एपिटोम नाही, एपिटमी. हायपरबोल नाही, हायपर्बली. मी 'अराय' हा शब्द कित्येक वर्षं 'ऑरी' असा मनात वाचत होतो, आणि बोलण्यात ऐकलेला 'अराय' हा वेगळाच शब्द समजत होतो. गोइंग अराय म्हणजे बिनसणं. एकाच शब्दाची मनात दोन खाती!

मास्तर_उमरगा
देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय चांगली, पण आघात कुठे आहे ते देवनागरी दाखवत नाही, आणि व्हेट-वेट हे आपण बरेचदा एकाच 'व' ने लिहितो. म्हणून आघाताच्या अक्षराखाली रेघ मारायची आणि मोबाइलवर एकदा ऐकायचं.

परभणीची_वैशू
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वही आणली आहे. महिन्याने येऊन सांगते.

नाना_ठाणेकर
वाट पाहतो.

परभणीची_वैशू
धागा वर काढतेय. पाच आठवडे झाले.

काय केलं ते सांगते. दोनशे पानी वही, प्रत्येक पानाच्या डोक्यावर *मराठी* शब्द. दिवसभरात इंग्रजी बोलताना-लिहिताना जिथे अडले तो क्षण आठवायचा आणि मनात मराठीत काय आलं होतं ते लिहायचं. टाळाटाळ. आढेवेढे. चोखंदळ. चिकाटी. भिडस्त. ओशाळणं. मग कोश, मग जोडी, मग माझ्या कामातलं एक वाक्य. नानांचा खोकाही केला, त्यात कार्डाच्या पुढे माझं वाक्य गाळलेल्या जागेसह. आठवड्याला सातच शब्द, जास्त नाही, त्यामुळे एकूण पस्तीस झाले.

पस्तिसापैकी बावीस मी मेलमधे किंवा तोंडी वापरलेत, तारखा टाकल्यात वहीत. हजाराच्या यादीतला पंधरा वर्षांत एकही वापरला नव्हता. मागच्या मंगळवारी त्याच पुरवठादाराला लिहिलं की कलम सात अँबिग्युअस आहे, दोन अर्थ निघतात, हा पहिला आणि हा दुसरा, कुठला धरू? त्याचं दोन ओळींत सरळ उत्तर आलं. ज्या मुलीने इव्हेसिव्ह म्हटलं होतं तिला मी वही दाखवली, तिलाही तशी सुरू करायचीय, पण ती इंग्रजी माध्यमाची, म्हणते मला डोक्यावर लिहायला मराठी शब्दच सुचत नाहीत ताई. आता आम्ही जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना शिकवतो, ती मला उच्चार आणि मी तिला मराठी.

अडलेले दोन शब्द आहेत, मदत करा. भिडस्तला डिफिडंट चालेल का? आणि रुसणं?

अनुवादिनी
वा वैशू! डोळे भरून आले वाचून.
डिफिडंट नाही चालणार. डिफिडंटला स्वतःवर भरवसा नसतो. भिडस्ताला असतो, त्याला समोरच्याला 'नाही' म्हणवत नाही. मी 'टू ओब्लाइजिंग टु रिफ्यूज' असं फोडून लिहीन. काही शब्दांना एका शब्दात घर मिळत नाही, तिथे वाक्य बांधायचं.

ओहायोतला_अवी
रुसण्याला सल्क.

सिस्टर_मिरज
सल्कमधे नुसता फुगलेला चेहरा आहे. रुसण्यात समोरच्याने समजूत काढावी ही अपेक्षा असते. जो परका आहे त्याच्यावर आपण रुसत नाही.

ओहायोतला_अवी
खरंय. माझी मुलगी सल्क करते तेव्हा खोलीचं दार लावून घेते, आणि रुसते तेव्हा दार उघडं ठेवते. आत्ता तुम्ही म्हणाल्यावर लक्षात आलं.

नाना_ठाणेकर
वैशू, ओशाळणं राहिलं तुझं. ओशाळवाणं हसू म्हणजे शीपिश ग्रिन. जोडीनेच लिही, आणि कोशात एकदा स्वतः तपासून घे.

परभणीची_वैशू
तपासलं नाना. छत्तीसावं पान.